पुडीत काय आहे ते सांगा, मग निवड आमची

"शरीर आमचं, दुखणं आमचं, पैसा आमचा, मग कुठलं औषध घ्यायचं हे सांगणारे तुम्ही कोण?" हे वाक्य मी लग्नकार्यात ऐकलंय, एसटीत ऐकलंय, दवाखान्याच्या बाकावर तर कितीदा तरी. आणि आधीच सांगते, मला ते पटतं. ज्या माणसाला पंधरा-वीस वर्षं एकच दुखणं पुरलंय, जो रोज सकाळी त्याच दुखण्यासोबत उठतो, त्यानं काय करून बघावं आणि काय नाही हे ठरवायला बाहेरचं कुणी कशाला पाहिजे. सिद्ध झालेलं नाही असं काही घ्यायचं असेल तर तोही त्याचाच निर्णय. पण हेच वाक्य जेव्हा औषध विकणारा बोलतो ना, की "पेशंट स्वतःच्या मर्जीनं येतात, आम्ही कुणाला बोलवायला जात नाही", तेव्हा माझं डोकं फिरतं. ते का, हे सांगायला आत्याची गोष्ट सांगावी लागेल.

आत्या बार्शीला असते. पंचेचाळिशीत तिला आमवात सुरू झाला, डॉक्टरी भाषेत रूमेटॉइड आर्थ्रायटिस. वयानं गुडघे झिजतात तो प्रकार वेगळा, यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. सकाळी उठलं की दीड-दोन तास बोटंच उघडायची नाहीत. कुकरचं झाकण लागेना, ब्लाउजचे हुक लागेनात, कणीक मळायला शेजारची मुलगी यायची. सुजेनं बांगड्या मनगटात रुतायला लागल्या म्हणून एक दिवस सोनाराकडे जाऊन कापून आणल्या, त्या दिवशी ती खूप रडली, आणि एवढ्या वर्षांत दुखण्यासाठी ती अशी रडलेली मी कधी पाहिली नव्हती.

शहरातल्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्झेट सुरू केलं. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, जोडीला फॉलिक ॲसिड, अधूनमधून रक्ताची आणि लिव्हरची तपासणी. औषध महाग नाही आणि या आजारात जगभर सुरुवात बहुतेक यानंच करतात. पण त्याचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि हे एवढं एक वाक्य तिला कुणी बसवून सांगितलं नाही. बाहेर ही गर्दी, आत तीन मिनिटं. "ही आयुष्यभर घ्यायची" एवढं मात्र ठणकावून सांगितलं. तिनं चार आठवडे घेतली, फरक शून्य, वर मळमळ, आणि डोक्यात एकच, की हे आता मरेपर्यंत. बंद केली.

मग कुणीतरी पुडीवाल्याचा पत्ता दिला. जुन्या वहीच्या कागदाच्या घड्या घातलेल्या साठ पुड्या, वर रबर लावलेलं. राखाडी-तपकिरी चूर्ण, सुंठीचा वास. सकाळ-संध्याकाळ मधातून. नाव नाही, काय आहे त्यात ते नाही, तारीख नाही. विचारलं तर म्हणे जडीबुटी आहे, खानदानी आहे, साइड इफेक्ट अजिबात नाही, आजार मुळापासून जाणार.

आणि चौथ्या दिवशी आत्याचा फोन आला. "अगं, लई फरक पडला बघ, आज मी स्वतः कणीक मळली." तिच्या आवाजातला तो आनंद मला आजही आठवतो. महिनाभरात सूज उतरली, तिनं नव्या बांगड्या भरल्या. गाल वर आले, अंगानं भरली, सगळे म्हणायला लागले तब्येत सुधारली. मीही म्हणाले. मी स्वतः दोन ओळखीच्या लोकांना तो पत्ता दिला, हे लिहिताना आजही वाईट वाटतं.

हे सव्वा वर्ष चाललं. मग एका दिवाळीत पुडीवाला गावी गेला आणि पुड्या संपल्या. पाचव्या दिवशी आत्याला उलट्या, चक्कर, बीपी एवढं खाली की उभं राहता येईना. ॲडमिट केलं. शुगर मधल्या काळात वाढलेली, जी तिला कधीच नव्हती. एक्स-रेमध्ये पाठीचा एक मणका दबलेला. डॉक्टरीणबाईंनी तिच्या गोल चेहऱ्याकडे आणि हातावरच्या निळसर डागांकडे बघितलं आणि सरळ विचारलं, "मावशी, कुठली पुडी चालू होती का?" आत्या म्हणाली नाही. दोनदा विचारलं, दोनदा नाही. मागे एका ठिकाणी काढ्याचं खरं सांगितलं होतं तर सगळ्यांसमोर झापून काढलं होतं, ते तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. शेवटी मी सांगितलं. सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासलं तर जवळजवळ नव्हतंच. त्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं होतं, ते बाहेरून इतके महिने एवढं मिळत होतं की शरीरानं स्वतःचं बनवणं बंद केलं होतं, आणि एका फटक्यात बाहेरचंही थांबलं. यात माणूस जातो. आत्या वाचली.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं तो मुद्दा. नंतर त्याच डॉक्टरीणबाईंनी आत्याला काय लिहून दिलं असेल? प्रेडनिसोलोन. म्हणजे स्टेरॉइडच. आमवातात मेथोट्रेक्झेटचा गुण यायला वेळ लागतो, तेवढे आठवडे निभवायला कमी डोसमध्ये स्टेरॉइड देतात आणि मग हळूहळू कमी करत बंद करतात, ही जुनी, माहीत असलेली पद्धत आहे. पुडीत होतं त्याच जातीचं औषध. फरक एवढाच की इथं पाकिटावर नाव आहे, किती मिलिग्रॅम ते आहे, कागदावर लिहून दिलंय की या आठवड्यात एवढी, पुढच्या आठवड्यात एवढी, अचानक बंद करू नका, शुगर बघत राहा, कॅल्शियम घ्या. तिकडे यातलं काहीच नव्हतं. म्हणून हे भांडण ॲलोपॅथी आणि आयुर्वेदाचं आहे असं जे दोन्हीकडचे लोक हिरिरीनं मांडतात ते मला मुळातच चुकीचं वाटतं. सांगून दिलेलं औषध आणि लपवून दिलेलं औषध, एवढाच फरक आहे. पुडीतल्या स्टेरॉइडचा आयुर्वेदाशी काय संबंध? उलट आयुर्वेदाच्या नावाखाली ते विकलं जातं याचा राग मनापासून प्रॅक्टिस करणाऱ्या वैद्यांना आपल्यापेक्षा जास्त यायला पाहिजे.

मग आत्यानं निवड केली होती का? तिला वाटलं तिनं जडीबुटी निवडली. प्रत्यक्षात तिच्या पोटात स्टेरॉइड गेलं, जे तिनं निवडलेलंच नव्हतं. लोक अधिकाराच्या गोष्टी करतात तेव्हा हे विसरतात की काय घेतोय हेच माहीत नसेल तर निवड झालीच नाही. सुप्रीम कोर्टानं २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात हेच सांगितलं होतं. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय तिच्या आईची परवानगी घेऊन काढलं होतं. कोर्ट म्हणालं पेशंट शुद्धीवर येऊन स्वतः ठरवू शकत होती तर दुसऱ्याची परवानगी चालत नाही, आणि संमती म्हणजे नुसती सही नाही, उपचार काय आहे, दुसरे पर्याय काय, धोका काय आणि नाही घेतला तर काय होईल हे सांगितल्यावर दिलेली संमती. हा नियम मोठ्या हॉस्पिटलला लागतो तर पुडीवाल्याला का नको?

आपला कायदा बघा, गंमत नाही, खरंच बघण्यासारखा आहे. १९५४ चा औषधे व जादुई उपाय कायदा. त्यात परिशिष्टात चोपन्न आजारांची यादी आहे, डायबेटिस, फिट्स, कॅन्सर, लकवा, मोतीबिंदू, कोड सगळं, आणि हे आजार बरे करतो अशी जाहिरात करायला बंदी आहे. नीट बघितलं तर हा कायदा पेशंटला काही घेऊ नको असं कुठंच म्हणत नाही. तो विकणाऱ्याचं तोंड धरतो. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांना हे कळलं होतं की पेशंटला हात लावायचा नाही, खोटं आश्वासन देणाऱ्याला लावायचा. पण आज भिंतीवर, पेपरात, मोबाईलवर "मधुमेह मुळापासून" च्या जाहिराती बिनधास्त चालतात. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातींना आधी मंजुरी घ्या असा नियम १७० हा २०१८ मध्ये आणला, २०२४ च्या जुलैमध्ये सरकारनंच तो काढला, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं त्या काढण्याला स्थगिती दिली, आणि २०२५ मध्ये ते प्रकरणच कोर्टानं बंद केलं. एवढं सगळं होऊन सामान्य माणसाच्या हातात काय आलं ते तुम्हीच बघा.

आणि पुडीची तर अजून एक पळवाट आहे जी फार लोकांना माहीत नसते. कंपनीनं बनवलेल्या आयुर्वेदिक औषधाला लायसन्स लागतं, डबीवर घटक छापावे लागतात. पण वैद्य किंवा हकीम स्वतःच्याच पेशंटसाठी औषध बनवत असेल तर त्याला कायद्यानंच उत्पादनाच्या लायसन्समधून सूट आहे. ही सूट ठेवताना डोळ्यासमोर गावातला जुना वैद्य असणार, जो परसातली अडुळशाची पानं तोडून काढा करून द्यायचा आणि समोर बसून सांगायचा काय घातलंय ते. ती चांगल्या मनानं ठेवलेली सूट आज कुणाच्या कामी येतेय ते आत्याच्या मणक्याला विचारा. मला ही सूट बंद करायची नाहीये. पुडीवर घटक लिहा, देणाऱ्याचं नाव आणि नोंदणी नंबर लिहा, तारीख लिहा, एवढंच. पेनानं लिहिलं तरी चालेल. यानं कुणाचं कुठलं ज्ञान बुडतं?

"पण ॲलोपॅथीची औषधं तरी कुठं धुतल्या तांदळासारखी आहेत" असं लगेच येईल आणि बरोबरच आहे. सांधेदुखीचंच उदाहरण देते. रोफेकॉक्सिब नावाची गोळी, व्हायॉक्स म्हणून विकली जायची, जगभर लाखो लोकांनी घेतली, आणि तिनं हार्ट ॲटॅकचा धोका वाढतो हे दिसल्यावर सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीनं ती बाजारातून काढली. उशीर झाला, फार माणसांना भोगावं लागलं, त्याचा राग असायलाच पाहिजे. पण धोका कळला कसा? कारण कुणी किती मिलिग्रॅम घेतलं, किती महिने घेतलं, ज्यांनी घेतलं नाही त्यांचं काय झालं हे मोजलेलं होतं. म्हणून आकडा बाहेर आला आणि औषध परत बोलावता आलं. पुडी परत कशी बोलावणार? तिला नाव नाही. तिनं किती जणांचे मणके दाबले याची नोंद कुठंच नाही, आणि ज्यांना मी पत्ता दिला त्या दोघांपैकी एकाचं पुढं काय झालं ते मलाही कळलेलं नाही.

सगळं सिद्ध न झालेलं एका मापानं मोजू नका असंही मला वाटतं. आत्या आजही कोमट तिळाच्या तेलानं हात चोळून घेते, त्यावर कुणी ट्रायल केली की नाही मला फरक पडत नाही, तिला बरं वाटतं, बास. आमच्या सोलापूर भागातून, लातूर-नांदेडकडून मृग नक्षत्र लागलं की लोक हैदराबादला दम्याच्या माशाच्या औषधाला जातात. बथिनी कुटुंब देतं, पिवळा लगदा भरलेला जिवंत छोटा मासा गिळायचा, शाकाहारी असाल तर गुळातून, असं सलग तीन वर्षं. पैसे घेत नाहीत. दमा बरा होतो याला पुरावा नाही आणि लगद्यात काय आहे ते कुटुंब सांगत नाही. आमच्या गल्लीतले एक काका जायचे, रात्रभर रांगेत उभे राहायचे. त्यांना मी जाऊ नका कधीच म्हणाले नसते. पण त्यांनी परत आल्यावर इनहेलर कपाटात टाकला होता, "आता पंपाची सवय नको" म्हणून, आणि तिथं मी भांडले असते. सोबत घेतलेला उपाय आणि चालू औषध सोडून घेतलेला उपाय यात जीवाचा फरक असतो. दम्याचा इनहेलर सोडला तर कधीतरी एक रात्र अशी येते की श्वासच मिळत नाही. आणि टाइप वन डायबेटिसच्या मुलाचं इन्सुलिन सोडलं तर काही दिवसांत सगळं संपतं, शंभर वर्षांपूर्वी, १९२२ मध्ये पहिलं इंजेक्शन दिलं जायच्या आधी अशी सगळीच मुलं जायची.

मुलांच्या बाबतीत तर मी अधिकाराची भाषाच मानत नाही. शरीर आमचं, हे वाक्य आईबाप मुलाच्या शरीराबद्दल कसं बोलू शकतात? मोठ्या माणसानं स्वतःवर काय वाटेल ते करून बघावं, पण लेकराचं इन्सुलिन बंद करायचा अधिकार बापाला नाही, कितीही प्रेमानं केलं तरी नाही.

आता पुडीवाल्यावर एवढं बोलले तर एसी क्लिनिकमधल्या पदवीवाल्यांना सोडून कसं चालेल. स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होतात त्या मूळ पेशी टोचायचा उपचार. स्नायू झिजवणारी मस्क्युलर डिस्ट्रॉफी, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, सगळ्यावर चालतं म्हणे, आणि बिल लाखांत. आयसीएमआरची, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की रक्ताच्या काही ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं अजून संशोधन आहे, ट्रायलमध्येच करा, सेवा म्हणून विकू नका. ऑटिझमसाठी तर डॉक्टरांवर देखरेख करणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनच्या बोर्डानं २०२२ मध्ये हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. तरी घर गहाण टाकून आईबाप जातात, आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही, कारण ज्या घरात लेकरू डोळ्यांसमोर दर वर्षी थोडं थोडं कमी हलतंय तिथं आशेसाठी माणूस कुठलीही किंमत मोजतो. म्हणूनच ती किंमत वसूल करणाऱ्याचा मला संताप येतो. तुम्ही म्हणता हे प्रायोगिक आहे, आम्ही कन्सेंटवर तसं लिहून घेतो. प्रयोग आहे ना? मग आपल्याकडचे २०१९ चे क्लिनिकल ट्रायलचे नियम वाचा. एथिक्स कमिटी लागते, नोंदणी लागते, ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई द्यावी लागते. प्रयोगाची जोखीमही पेशंटची आणि खर्चही पेशंटचा, मग तुमचं काय पणाला लागलंय?

अमेरिकेतल्या "राइट टू ट्राय", म्हणजे अजून मंजूर न झालेलं औषध करून बघायच्या हक्काच्या, कायद्याचा दाखला काही लोक देतात. २०१८ चा तो कायदा मनाला येईल ते घ्या असं म्हणत नाही. आजार जीवघेणा असावा, मंजूर उपचार संपलेले असावेत, औषधाची निदान पहिल्या टप्प्याची ट्रायल झालेली असावी, पेशंटनं लेखी संमती द्यावी, आणि एवढं असून कंपनीनं औषध दिलंच पाहिजे असं बंधन नाही.

मला जास्त जवळचं वाटतं ते कॅनडातलं एमएसच्या पेशंट लोकांचं उदाहरण. मल्टिपल स्क्लेरोसिस, तरुण वयात हळूहळू चालणं-फिरणं नेणारा आजार. २००९ मध्ये इटलीतल्या पाओलो झांबोनी नावाच्या डॉक्टरांनी मांडलं की मानेतल्या शिरा अरुंद असल्यानं हे होतं, फुग्यानं त्या रुंद केल्या की सुधारणा होते. कॅनडात पेशंट पेटून उठले, आम्हाला हे पाहिजे. देशात मिळेना म्हणून पोलंड, कोस्टा रिका, मेक्सिको, अगदी आपल्या भारतातही आले, स्वतःचे पैसे घालून. काहींना गुठळ्या झाल्या, जीवही गेले. पण त्या पेशंट लोकांनी अजून एक केलं, सरकारला सोडलं नाही, इतका दबाव आणला की सरकारी पैशानं नीट ट्रायल झाली. शंभरावर पेशंट, काहींना खरा फुगा, बाकीच्यांना नुसतं तसं भासवलं, कुणाला काय मिळालं हे त्यांनाही माहीत नाही. २०१७ मध्ये निकाल आला, दोन्ही गटांत फरक नाही. झांबोनींच्या स्वतःच्या ट्रायलमध्येही त्याच वर्षी तेच दिसलं. लोक याला पेशंटची हार म्हणतात, मला ती त्यांची ताकद वाटते. त्यांनी मागितलं म्हणून उत्तर मिळालं, आणि पुढच्या एमएसच्या पेशंटला घर विकून विमानानं जायची वेळ राहिली नाही. आपल्याकडे मोर्चे निघतात ते औषध सुरू ठेवा म्हणून निघतात, तपासा म्हणून मी तरी निघालेला पाहिला नाही.

शेवटचं डॉक्टर लोकांना, आणि हे मी हात जोडून लिहितेय. पेशंट पुडी घेतो यातला निम्मा दोष त्या तीन मिनिटांचा आहे. "गुण यायला तीन महिने लागतील, तोवर त्रास होईल, त्यासाठी हे देतो" हे सांगायला वीस सेकंद लागतात. आणि काय काय चालू आहे हे विचारताना झापू नका हो. झापलं की पेशंट पुडी सोडत नाही, सांगणं सोडतो. आत्याच्या त्या दोन "नाही" नी तिचा जीव गेला असता.

आत्याला आता मेथोट्रेक्झेटच चालू आहे, दर रविवारी, कॅलेंडरवर तिनं लाल गोल केलेत. स्टेरॉइड सुटायला जवळजवळ वर्ष गेलं. मणका काही परत उभा राहिला नाही, थोडी वाकूनच चालते. मागच्या महिन्यात तपासणीला मी सोबत होते. डॉक्टरीणबाईंनी नेहमीसारखं विचारलं, अजून काय चालू आहे मावशी? आत्यानं पिशवीतून दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या, एक तिळाच्या तेलाची आणि एक कुणीतरी दिलेल्या काढ्याची, लेबल नसलेली. बाईंनी केसपेपरवर लिहिलं, "तेल: चालेल." काढ्याची बाटली उजेडात धरून बघितली आणि विचारलं, यात काय आहे? आत्या म्हणाली, "मीबी त्येला त्येच विचारलं, सांगंना. म्हनून घेतला न्हाई अजून, तुमास्नी दाखवाय आणलाय."